लायका एम-२ ला रिवाइंड क्रँक बसवावी का? अंगठा साथ देत नाही

अंगठेबहाद्दर (पुणे)

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे मामाचा लायका एम-२ आहे. मामा बोटीवर होता, साठच्या दशकात हॅम्बुर्गला सेकंडहँड घेतला त्यानं, सोबत ५० ची समिक्रॉन लेन्स. मामा गेल्यावर मामीनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली कपाटात ठेवू नकोस, त्यानंही कधी ठेवला नाही. म्हणून वापरतो. महिन्याला दोन-तीन रोल होतात, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, १०० फुटी फिल्मचा डबा आणून घरीच कॅसेटी भरतो, स्वस्त पडतं.

आता दुखणं. रोल संपला की रिवाइंड करताना, म्हणजे फिल्म परत कॅसेटीत गुंडाळताना, जीव जातो. एम-२ ला क्रँक, म्हणजे फिरवायची दांडी, नाही, डावीकडे वर खाचाखाचांचा गोल नॉब आहे. तो उचलायचा, चिमटीत धरायचा, अर्धा फेरा, सोडायचा, परत धरायचा. ३६ चा रोल म्हणजे मी मोजलंय, तीसेक फेरे होतात, म्हणजे साठ-सत्तर वेळा चिमूट. पूर्वी काही वाटायचं नाही. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय, हल्ली लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा बायकोकडे द्यावं लागतं, आणि ती उघडून देताना जे बघते ना ते अंगठ्यापेक्षा जास्त लागतं.

तर नॉबवर वरून बसवायची घडीची क्रँक मिळते असं कळलं. ती घ्यावी का? नॉब खराब होईल का? की सरळ नंतरच्या एम-४ मॉडेलची तिरकी क्रँक मिळवून कारागिराकडून बसवून घ्यावी? आणि मुळात मामाच्या कॅमेऱ्याला असलं काही करावं का, हाही एक प्रश्न आहेच.


खाकी_पिशवी (डोंबिवली)

नका हो. एम-२ सारखी देखणी वस्तू आणि तिच्या डोक्यावर बाटलीच्या बुचासारखं काहीतरी? रोल संपला की चहा सांगायचा, चहा येईपर्यंत निवांत गुंडाळत बसायचं, हेच तर ह्या कॅमेऱ्याचं सुख आहे. घाई असलेल्यांसाठी मोबाइल आहे.


बोराबाजार_जुना (मुंबई)

खाकीसाहेब, त्यांना घाई नाहीये, त्यांचा सांधा झिजलाय. नीट वाचा की.

अंगठेबहाद्दर, तुमच्या एम-४ च्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथे नुकसान होऊ शकतं. एम-४ ची क्रँक एम-२ वर बसवायचा विचार डोक्यातून काढून टाका. १९६७ ला एम-४ आला तेव्हा ती तिरकी क्रँक आली, ४५ अंशात झुकलेली, आणि ती तिरकी आहे म्हणजे आत दांडा सरळ फिल्मच्या स्पूलमध्ये (रिळात) जात नाही, मध्ये तिरके दातेरी गिअर आहेत जे फिरणं वळवून खाली देतात. वरचं कव्हरसुद्धा त्या कोपऱ्यात वेगळ्या आकाराचं आहे. म्हणजे नुसती क्रँक बदलून भागत नाही, कव्हर आणि आतलं सगळं बदला, आणि मग तो मामाचा एम-२ राहत नाही, अर्धा हा अर्धा तो. कोणी कारागीर हो म्हणाला तर त्याच्याकडे दुसरंही काही देऊ नका.

वरून बसणारी क्रँक ही वेगळी गोष्ट. त्यात पाप काही नाही. लायका बनवणाऱ्या लाइट्झनं स्वतःसुद्धा एम-२, एम-३ च्या नॉबवर बसणारी क्रँक विकली होती, म्हणजे तक्रार तेव्हाही होतीच. निकॉननं तर १९५४ लाच एस-२ ला घडीची क्रँक दिली होती, लायकाच्या एम कॅमेऱ्यांना तिथे पोचायला तेरा वर्षं लागली. गंमत म्हणजे २००३ ला एम-पी काढला त्यात लायका परत नॉबवर गेली, २०१४ च्या एम-ए लाही नॉबच. आणि २०२२ ला एम-६ परत काढला त्याला पुन्हा तिरकी क्रँक. त्यामुळे खाकीसाहेब म्हणतात तसा नॉब हा काही धर्म वगैरे नाही.

पण क्रँक घ्यायच्या आधी एक सांगा. तुम्हाला जड जातंय ते नॉब फिरवणं जड आहे म्हणून, की चिमूट धरणं दुखतं म्हणून? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोल नसताना तळ उघडा, नॉब वर ओढा आणि फिरवा. भोवऱ्यासारखा नाही पण एका बोटानं फिरला पाहिजे. आणि कॅमेऱ्याच्या पुढची छोटी पट्टी आर (रिवाइंड) कडे पूर्ण वळवता ना? अर्धवट वळली तर स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म सरकवणारं दातेरी चाक, सुटत नाही आणि तुम्ही फिल्मशी कुस्ती खेळता. सुरुवातीच्या एम-२ ला पट्टीऐवजी बटण असायचं, तुमचा कुठला आहे तेही लिहा.


फिलामेंट_बाबा (नाशिक)

काका मी प्रिंट करून देऊ का तुम्हाला, माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, मी माझ्या एम-३ साठी केलीय गेल्या दिवाळीत. खालून टोपीसारखा भाग नॉबवर दाबून बसतो, आत रबरी ओ-रिंग टाकलीय त्यामुळे धातूला प्लास्टिक लागतच नाही, वर घडीची दांडी. बनवायला तीन प्रिंट वाया गेले कारण आतला व्यास नुसता अंदाजानं धरला होता, शेवटी गुपचूप माझ्या मामाच्या वर्कशॉपमधून व्हर्निअर आणला आणि मोजलं. व्यास फोटोवरून काढू नका, मोजा, आणि खाचांच्या टोकाटोकाचा मोजा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिली चांगली जमलेली क्रँक पीएलए प्लास्टिकची होती, मे महिन्यात त्र्यंबकला गेलो, कॅमेरा गाडीत डॅशबोर्डवर राहिला दीड तास, परत आलो तर दांडी वाकून वाफवलेल्या शेंगेसारखी झाली होती. पीएलए साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं हे कॉलेजात शिकलो होतो पण ते परीक्षेपुरतं. आता पीईटीजी ह्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये केलीय, ती टिकलीय. (कॅमेरा डॅशबोर्डवर ठेवला म्हणून शिव्या घालू नका, त्या घरी खाऊन झाल्यात.)


खाकी_पिशवी (डोंबिवली)

डॅशबोर्डवर एम-३??? मी आता काही बोलत नाही.


अंगठेबहाद्दर (पुणे)

बोराबाजार साहेब, फार उपयोगी माहिती, धन्यवाद. एम-४ चा नाद सोडला.

माझा पट्टीवाला एम-२ आहे. आर पर्यंत पूर्ण वळवतो. आत्ता तळ काढून नॉब फिरवून बघितला, रोल नसताना लोण्यासारखा फिरतो. म्हणजे कॅमेरा ठीक आहे असं धरायचं का? मग रोल असताना एवढा जड का जातो, अगदी पहिल्या फेऱ्यापासून? मला वाटायचं सगळ्यांनाच जातो.


झोर्की_झिंदाबाद (कोल्हापूर)

लय विचार करू नका काका. आमच्याकडं उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ हाय, मी माझ्या रशियन झोर्की-४ कॅमेऱ्यासाठी अॅल्युमिनियमची करून घेतली. नॉब घेऊन गेलो न्हाई, मेणाचा ठसा घेऊन गेलो, लेथवाला आधी हसला मग म्हणाला कॅमेराच आण, मग म्याच घाबरलो. शेवटी कॅमेरा रुमालात गुंडाळून न्हेला, त्यानं मापं घेतली, दोन तासात पीस तयार, बाहेरून पकडीसाठी नर्लिंग (बारीक खाचा) पण मारून दिलं, साडेतीनशे रुपये आणि दोन चहा.

आता त्यात काय चुकलं ते ऐका. धरून ठेवायला बाजूनं तीन ग्रब स्क्रू दिले त्यानं, आणि मी ॲलन कीनं आवळले असे की आता ही निघायचीच न्हाई. निघाली तेव्हा नॉबच्या खाचांवर तीन ठिकाणी क्रोम उडून पितळ दिसाय लागलं. झोर्कीचं काय एवढं, पण तुमच्या लायकाला हे झालं तर मामी सोडणार न्हाई. स्क्रूवाली घ्यायची असंल तर मधी काहीतरी मऊ पाहिजेच. मी नंतर हीट श्रिंकचा, म्हंजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा, तुकडा चढवला नॉबवर, तुमच्या तापकीर गल्लीत कुठल्याबी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतंय.

आन अजून एक, झोर्कीला नॉबच्या बुडाशीच डायॉप्टरची (डोळ्याच्या नंबरापरमाणं जुळवायची) पट्टी हाय, माझी पहिली टोपी एवढी खोल केलती की ती पट्टीच हालंना. आठ दिवस मला वाटायचं डोळ्याचा नंबर वाढला.

ता. क. त्या ग्रब स्क्रूची साइज एम-२. म्हंजे एम-२ चा स्क्रू एम-२ ला. लेथवाल्याला ह्यात काय गंमत हाय ते कळलं न्हाई.


संत्रा_नेगेटिव्ह (नागपूर)

मी क्रँकच्या विरोधात नाही पण एक सांगतो, क्रँक आली का हात सुटते. माह्याकडे कॅनन पी आहे, त्याले कंपनीचीच घडीची क्रँक आहे, लई मस्त. डिसेंबरात पहाटे फुटाळा तलावाले गेलो होतो, हवा अशी कोरडी का स्वेटर काढतानी चटचट आवाज येत होता. रोल संपला, बोटं गारठली होती, म्हटलं पटकन गुंडाळू आणि दुसरा टाकू, घरघर घरघर फिरवली क्रँक, पंधरा सेकंदात रोल आत. डेव्हलप केल्यावर पाहतो तर चार फ्रेमवर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेषा, एका ठिकाणी नुसते ठिपके. मले वाटलं लाइट लीक आहे, बेलोज (जुन्या कॅमेऱ्याचा घडीचा भाता) आहे का काय ह्याले म्हणून हसले लोकं. मग एका जुन्या फोटोग्राफर काकांनी सांगितलं, बाबू ही वीज आहे. स्टॅटिक. फिल्म कॅसेटच्या तोंडाशी असते त्या मखमलीवरून जोरात घासून गेली का चार्ज होते आणि ठिणगी पडते, ठिणगीचाच फोटो येते नेगेटिव्हवर.

मुंबई-कोकणात दमट हवेत हे सहसा होत नाही. पुण्यात जानेवारीत होऊ शकते. त्यामुळे क्रँक लावा, पण हळू फिरवा. दळण दळून राहिल्यासारखं नाही, लाटून राहिल्यासारखं.


बोराबाजार_जुना (मुंबई)

नागपूरकर बरोबर बोलले. आणि फक्त स्टॅटिकच नाही, मखमलीत धुळीचा एक कण असला तर जोरात ओढल्यानं पूर्ण रोलभर सरळ रेघ पडते, ट्रामच्या रुळासारखी. हळू ओढलं तरी पडते म्हणा, पण कमी.

अंगठेबहाद्दर, तुमचं उत्तर वाचून मला शंका आली. रिकामा नॉब हलका, रोल घातला की पहिल्या फेऱ्यापासून जड. नेहमीचं काय असतं, सुरुवातीला हलकं असतं, अगदी शेवटी फिल्मचं टोक टेक-अप स्पूलमधून, म्हणजे फिल्म ज्यावर गुंडाळत जाते त्या कॅमेऱ्यातल्या रिळातून, सुटताना एक झटका जाणवतो, मग एकदम मोकळं. तुमचं तसं नाही. म्हणजे घर्षण कॅमेऱ्यात नाही, कॅसेटच्या तोंडाशी आहे.

तुम्ही लिहिलंय घरी भरता. कॅसेटी किती जुन्या आहेत? आणि कुठल्या? एक करा, तुमची एक कॅसेट आणि दुकानातला एक सीलबंद रोल, दोन्हीची फिल्म हातानं ओढून बघा. पूर्ण ओढायची गरज नाही, फुकट जाईल.


अंगठेबहाद्दर (पुणे)

साहेब, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतात.

काल रात्री प्रयोग केला. माझ्याकडे एक्सपायर झालेला एक कंपनीचा रोल होता, तो बळी दिला. आणि माझी एक भरलेली कॅसेट, त्यात शेवटचा उरलेला तुकडा होता. दोन्हीच्या फिल्मची टोकं शर्टाच्या चिमट्यांनी वाळत घालायच्या दोरीला लावली, आणि खाली कॅसेटच्या कमरेला रबरबँडनं घराच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला. कंपनीची कॅसेट जुडग्यासकट हळूहळू खाली आली, कोळी जाळ्यावरून उतरतो ना तशी, फिल्म मागे सोडत. माझी कॅसेट वटवाघळासारखी लटकून राहिली. हलली नाही. दुसरा जुडगा बांधला, ऑफिसच्या कपाटाचा, तरी नाही. मग माझ्या बाकीच्या कॅसेटी तपासल्या. अकरापैकी सात वटवाघळं.

ह्या कॅसेटी मी २००९ पासून वापरतोय. भिंगातून मखमल बघितली तर ती मखमल राहिलीच नाहीये, दाबून दाबून कडक झालेली पट्टी आणि तिच्या कडेला फिल्मचा काळा भुसा. एवढी वर्षं माझ्या नेगेटिव्हवर बारीक रेघा यायच्या आणि मी स्कॅनरला दोष द्यायचो.

तर प्रश्न सुटला म्हणायचा का? अर्धा. नवीन कॅसेटी मागवल्यात. पण तो एक्सपायर रोल कॅमेऱ्यात घालून पूर्ण रिवाइंड करून बघितलं, हलका गेला खरा, तरी पंचविसाव्या फेऱ्याला अंगठ्याच्या मुळाशी तीच कळ. म्हणजे चिमूट धरणंच नडतंय. क्रँक लागणारच.


खाकी_पिशवी (डोंबिवली)

माझे शब्द मागे घेतो, चहा येईपर्यंत गुंडाळा वगैरे. मला वाटलं तुम्ही हौशी. माझ्या आईला हाच त्रास आहे, ती आता कणीक मळत नाही.

तरी एक खरंच विचारायचं होतं, भांडायला नाही. नॉबला हाताला कळतं, बोराबाजार म्हणाले तो झटका वगैरे. क्रँकमध्ये ते कळेनासं होत नाही का? माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यात आर करायचं राहिलं आणि त्यानं क्रँक अशी ताणली की स्प्रॉकेटची भोकं फाटली, रोल आतच अडकला.


बोराबाजार_जुना (मुंबई)

होतं ना, कळणं कमी होतंच. साधं गणित आहे, दांडी नॉबच्या त्रिज्येच्या दुप्पट लांब धरली तरी जोर निम्मा लागतो, म्हणजे अडकलेली फिल्म फाडायलाही निम्माच लागतो. नॉबवर बोटं घसरतात आणि ती घसरणंच तुमचं फ्यूज असतं. म्हणून क्रँक लावली तरी पहिले दोन-तीन फेरे क्रँक न उघडता, टोपीच्या कडेला धरून द्यायचे. मोकळं फिरलं तरच दांडी उघडायची. अडकलं तर थांबायचं, पट्टी आर वर आहे का बघायचं.

घरी भरणाऱ्यांनी उलटंही लक्षात ठेवा. क्रँक अगदी काहीच विरोध न करता गरागरा फिरत असेल तर खुश होऊ नका. स्पूलवर लावलेला टेप सुटून फिल्म पूर्णपणे टेक-अपला गेलेली असू शकते, तुम्ही रिकामा स्पूल फिरवताय. मग तळ उघडलात की ३६ फोटो सूर्याला दाखवलेत. शंका आली की अंधाऱ्या पिशवीत उघडा.

आता अंगठेबहाद्दरांसाठी, क्रँक घेताना मी काय बघतो ते.

एम-२ मध्ये फिल्म पुढे सरकवली की नॉबही फिरतो. वरचे लाल ठिपके त्यासाठीच आहेत, ते फिरले म्हणजे रोल नीट लागलाय. बंद टोपीची क्रँक हे ठिपके झाकते. चालेल, कारण घडी केलेली दांडीच फिरताना दिसते, उलट लांबून जास्त नीट दिसते. पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की दांडीची घडी ढिली असली तर ती फिरता फिरता कशाला तरी अडेल, पट्ट्याला, केसच्या कडेला. अडली की फिल्म सरकायला ताण, फ्रेम एकमेकांवर चढतात, आणि तुम्ही शटरवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसता. त्यामुळे दांडी टक करून घट्ट बसणारी पाहिजे. हलवून बघा, कानाशी नेऊन. वाजली की नको.

दुसरं वजन. रिवाइंड करताना नॉब वर ओढलेला असतो, म्हणजे सगळा भार त्या बारीक दांड्यावर येतो. मोठी पितळी क्रँक घेऊन वर ओढत ओढत फिरवली तर दांडा वाकू शकतो. हलकी घ्या, आणि फिरवताना डाव्या हाताचं एक बोट टोपीच्या डोक्यावर टेकवून ठेवा. नॉब परत खाली बसू द्यायचा नाही पण डुलूही द्यायचा नाही.

आणि केस. मामाची मूळ चामड्याची केस असेल तर क्रँक लावून ती बंद होणार नाही, डोक्याला लागेल. केस कापू नका, क्रँक काढून ठेवत जा. म्हणूनच मला ओ-रिंगवाली आवडते, गरज लागली की टोपीसारखी चढवायची, काम झालं की खिशात. स्क्रू नाही, ओरखडा नाही, कॅमेरा जसाच्या तसा.


फिलामेंट_बाबा (नाशिक)

म्हणजे माझीच! काका व्यास पाठवा, मी पीईटीजी मध्ये दोन काढतो, एक ओ-रिंगवाली आणि एक आत पातळ सिलिकॉन लावून. दांडीची लांबी किती ठेवू? माझी २० मिमी आहे, अंगठ्याला त्रास असेल तर टोकाचा गोळा मोठा करतो, म्हणजे चिमटीत न धरता तर्जनीनं नुसतं ढकलता येईल. हे मला आत्ताच सुचलं.


झोर्की_झिंदाबाद (कोल्हापूर)

हे भारी सुचलं बाबा तुला. गोळ्याच्या जागी बारीक बेअरिंग घाल, बोटाखाली गोळा फिरला पाहिजे, न्हाईतर बोटाला फोड.


संत्रा_नेगेटिव्ह (नागपूर)

आता बेअरिंग. उद्या मोटर लावून राहाल.


अंगठेबहाद्दर (पुणे)

मंडळी, उशीर झाला कळवायला. नाशिकहून पार्सल आलं, आठवडा झाला.

ओ-रिंगवाली बसली, पहिल्याच झटक्यात, हलत नाही आणि काढताना बोटानं निघते. बाबांनी दांडीच्या टोकाला खरंच बेअरिंग घातलंय, स्केटच्या चाकातलं नाही, त्याहून बारीक कुठून आणलं माहीत नाही. रंग केशरी आहे कारण त्याच्याकडे तोच शिल्लक होता. एम-२ च्या डोक्यावर केशरी टोपी म्हणजे खाकीसाहेबांनी फोटो बघू नये.

पहिला रोल काल गुंडाळला. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून, नवीन कॅसेट, आधी तीन फेरे कडेला धरून, मग दांडी उघडून तर्जनीनं, लाटल्यासारखं. अंगठा पूर्ण वेळ मोकळा, कॅमेऱ्याच्या मागे नुसता टेकवलेला. शेवटी तो झटका येतो म्हणालात ना बोराबाजार साहेब, तो आला. बारीकसा, दांडीतून बोटात. एवढ्या वर्षांत मला तो कधी जाणवलाच नव्हता, कारण माझा तर सगळा रोलच झटका होता.

मामीला दाखवली क्रँक. तिनं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "तो पक्कड वापरायचा."

मी म्हटलं काय? म्हणाली, "शेवटी शेवटी त्याचेही हात दुखायचे. रुमाल टाकून पकडीनं फिरवायचा तो."

आता भिंग घेऊन नॉबच्या खाचा बघत बसलोय. एका बाजूला आहेत खरे दोन व्रण.


बोराबाजार_जुना (मुंबई)

ते व्रण पॉलिश करायला कोणाकडे देऊ नका.


फिलामेंट_बाबा (नाशिक)

काका काळं फिलामेंट आलंय, दुसरी पाठवू?


अंगठेबहाद्दर (पुणे)

नको रे, केशरीच राहू दे. पिशवीत पटकन सापडते.